समुद्रावर पतंग उडवून इंग्लिश खाडी पार करणारा काऊबॉय, ज्याचा जीव एका पट्ट्यामुळे कदाचित वाचला असता

गोव्यात मोरजिमच्या किनाऱ्यावर दुपारचा वारा सुटला की आभाळात मोठमोठे रंगीत पतंग दिसायला लागतात. खाली पाण्यात फळीवर उभा असलेला माणूस त्या पतंगाला बांधलेला असतो आणि लाटांवरून सुसाट पळत असतो. याला म्हणतात काईटबोर्डिंग. रील बघून वाटतं, आपणही जाऊन लगेच फळीवर उभं राहावं.

पण शिकायला गेलात तर पहिल्या दिवशी कुणी फळी हातात देत नाही. आधी वाळूत उभं राहून छोटा पतंग सांभाळायला शिकवतात. पतंग डोक्यावर असला की ओढ कमी, आणि तोच वाऱ्याच्या बरोबर समोर आणला की माणूस फरफटत जाईल एवढी ओढ, हे आधी हातांना कळावं लागतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. मग शिकवतात तो सगळ्यात महत्त्वाचा धडा. कमरेच्या पट्ट्यावर एक सोडकळ असते. ती ढकलली की पतंगाचा जोर क्षणात जातो. डोळे मिटून, पाण्याखाली, घाबरलेल्या अवस्थेतही हात तिथंच गेला पाहिजे, इतक्या वेळा ती कृती करून घेतात.

आणि किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणारा वारा असेल तर उतरायचंच नाही. कारण काही बिघडलं तर तो वारा तुम्हाला परत आणत नाही, आत घेऊन जातो.

हे सगळे नियम आज शिकवायला माणसं आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी नव्हती. तेव्हा एक लांब केसांचा, टोकदार मिशांचा, डोक्यावर रुंद काठाची हॅट घालणारा अमेरिकन गडी एका घडीच्या बोटीला पतंग बांधून रात्रीच्या अंधारात फ्रान्सहून इंग्लंडला निघाला होता. त्याचं नाव सॅम्युअल फ्रँकलिन कोडी. ब्रिटनच्या भूमीवर पहिलं इंजिनाचं विमान उडवणारा माणूस म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. पण त्याच्या आयुष्याची सुरुवात झाली ती थापा मारण्यापासून.

त्याचं खरं नाव कोडी नव्हतंच. 6 मार्च 1867 ला अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टमध्ये तो जन्मला, तेव्हा आडनाव होतं काउडरी. पुढं तो लोकांना सांगायचा की आपला जन्म टेक्सासचा, आणि घरावर हल्ला होऊन आई-वडील मारले गेले. प्रत्यक्षात आई-वडील जिवंत होते. त्या काळात अमेरिकेत बफेलो बिल कोडी नावाच्या माणसाचा ‘वाईल्ड वेस्ट’ शो तुफान चालत होता. घोडे, बंदुका, दोर फेकणं, असा सगळा खेळ. आपल्या काउडरीनं दाढी-मिशा, केस, कपडे सगळं बफेलो बिलसारखं केलं आणि आडनावही त्याचंच घेतलं. नात्यानं दोघांचा काडीचा संबंध नव्हता.

मात्र घोड्यावर बसणं, नेम धरणं आणि दोर टाकणं या तीन गोष्टी त्याला खरोखर येत होत्या. तो फारसा शिकलेला नव्हता, लिहिता-वाचताना अडखळायचा. हातात मात्र कसब होतं.

1889 मध्ये त्यानं मॉड ली या तरुणीशी लग्न केलं आणि पुढच्या वर्षी दोघं इंग्लंडला आले. नेमबाजीचे खेळ करून पोट भरू लागले. मॉडची तब्येत ढासळली आणि ती अमेरिकेला परत गेली. कोडी मागं राहिला. मग त्याच्या आयुष्यात आली लेला. तिला आधीच्या लग्नाची मुलं होती. मॉडशी घटस्फोट झालेला नव्हता, त्यामुळे कोडी आणि लेलाचं कायद्यानं लग्न कधीच झालं नाही, पण जगासाठी ती मिसेस कोडीच होती आणि तिची मुलं कोडीची मुलं. हे सगळं कुटुंब मिळून युरोपभर खेळ करत फिरायचं. कोडी घोड्यावर बसून सायकलस्वारांशी शर्यती लावायचा आणि त्या बघायला गर्दी व्हायची. 1898 मध्ये त्यानं ‘द क्लोंडाइक नगेट’ नावाचं नाटक आणलं. ते चाललं, चांगलं चाललं. हातात पैसा आला.

आणि तो पैसा त्यानं पतंगात घातला.

लेलाचा मुलगा लिऑन याला पतंगाचा नाद होता. बाप-लेकात पैज लागायची, कुणाचा पतंग मोठा आणि कुणाचा जास्त उंच. संक्रांतीला गच्चीवर जे होतं तेच, फक्त इथं बापाला थांबायचं कुठं हे माहीत नव्हतं. दुसरा मुलगा व्हिव्हियनही त्यात ओढला गेला.

आता पतंगानं माणूस उचलायची कल्पना कोडीची नव्हती, हेही सांगायला हवं. ब्रिस्टलमधल्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरानं 1820 च्या दशकात पतंगाला गाडी जोडून रस्त्यावर पळवली होती. घोडा नाही, बैल नाही, वर दोन पतंग आणि खाली गाडी. याच मास्तरानं आपल्या मुलीला, मार्थाला, खुर्चीत बसवून पतंगानं हवेत उचललं होतं. ती मार्था सुखरूप खाली आली म्हणून क्रिकेटला डब्ल्यू. जी. ग्रेस मिळाला, कारण ती त्याची आई. पुढं ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्ह यानं पेटीच्या आकाराचा पतंग शोधला आणि 1894 मध्ये असे चार पतंग एकामागोमाग बांधून स्वतःला जमिनीवरून काही फूट वर नेलं. त्यानं त्याचं पेटंट घेतलं नाही, ज्याला हवं त्यानं वापरावं म्हणून मोकळं सोडलं.

कोडीनं तीच पेटी घेतली आणि तिला दोन्ही बाजूंनी वटवाघळासारखे पंख लावले. त्यामुळे पतंग जास्त वजन उचलू लागला. 1901 मध्ये त्यानं या पतंगाचं पेटंट घेतलं.

पण कोडीचं खरं डोकं दिसतं ते पतंगात नाही, तर माणसाला वर पाठवायच्या पद्धतीत. आधी एक छोटा पतंग वर जायचा. वर वारा कसा आहे, स्थिर आहे की झटके देतोय, हे त्यावरून कळायचं आणि दोराला दिशा मिळायची. मग त्याच जाड तारेवर एकामागून एक ताकदीचे पतंग चढवले जायचे. वारा कमी तर पतंग जास्त, वारा जास्त तर पतंग कमी. ही माळ तार ताणून धरायची. तार पुरेशी ताणली गेली, की शेवटी माणूस बसलेली टोपली घेऊन एक मोठा पतंग त्या तारेवरून चाकांवर सरकत वर जायचा. टोपलीतल्या माणसाच्या हातात दोऱ्या असायच्या. एक ओढली की पतंग वर चढायचा, दुसरी ओढली की खाली यायचा. आणि तारेला घट्ट पकडणारा ब्रेकही होता.

यातली गोम अशी, की माणूस सगळ्यात शेवटी वर जायचा. आधी वाऱ्याची परीक्षा, मग दोराची आणि मग माणसाची पाळी. सगळा भार एका पतंगावर नसायचा, त्यामुळे एखादा फाटला तरी बाकीचे तार धरून ठेवायचे. पतंगाची ओढ कमी-जास्त करणं बसलेल्या माणसाच्या हातात होतं. आजच्या काईटबोर्डिंगमध्ये दांडी जवळ ओढली की जोर वाढतो आणि दूर सोडली की कमी होतो. पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलणं हे यंत्र तेच आहे.

कोडीला हे लष्कराला विकायचं होतं. शत्रू कुठं आहे ते बघायला तेव्हा सैन्याकडे फुगे होते, पण जोरदार वाऱ्यात फुगा कामाचा राहत नसे. कोडीचं म्हणणं सरळ होतं. वारा पडलेला असेल तेव्हा फुगा वापरा, वारा सुटला की माझा पतंग. टोपलीत दुर्बीण, कॅमेरा आणि खाली बोलायला टेलिफोनही ठेवायची सोय त्यानं केली. पण नाटकातला काऊबॉय शोध घेऊन दारात आला तर सरकारी साहेब त्याला किती गांभीर्यानं घेणार? 1901 मध्ये लष्करानं फारसा भाव दिला नाही.

मग कोडीनं तेच केलं जे त्याला सगळ्यात चांगलं जमायचं. खेळ केला.

नोव्हेंबर 1903. फ्रान्समधलं कॅले बंदर. लाकडी सांगाडा आणि कॅनव्हास असलेली एक घडीची बोट. तिला पुढून दोर, आणि दोराच्या टोकाला कोडीचा पतंग. समोर इंग्लिश खाडी, म्हणजे जगातल्या सगळ्यात वर्दळीच्या जलमार्गांपैकी एक. भरती-ओहोटीचे प्रवाह आडवे वाहणारे, पाणी गार, आणि बोटीत माणूस एकटा.

पतंगानं बोट ओढायची तर अडचण नेमकी काय असते? शिडाच्या बोटीत शीड डोळ्यांसमोर असतं. इथं तुमचं इंजिन दूर आकाशात आहे आणि अंधारात ते दिसतही नाही. दोर हातात कसा ताणतोय यावरून वरचा वारा ओळखायचा. दोर ढिला पडला तर पतंग खाली येणार. तो पाण्यात पडून भिजला तर बसल्या जागेवरून एकट्यानं पुन्हा उडवणं जवळपास अशक्य. आणि वारा एकदम वाढला तर हलकी बोट उलटायला वेळ लागत नाही. बरं, पतंग मुख्यतः वाऱ्याच्या दिशेनंच नेणार. म्हणजे वारा कॅलेहून डोव्हरच्या दिशेला वाहत असेल तरच निघायचं, नाहीतर किनाऱ्यावर वाट बघत बसायचं. कोडी वाऱ्याची वाट बघत बसला होता आणि योग्य वारा मिळाल्यावरच निघाला. ही गोष्ट छोटी वाटते, पण समुद्रात पतंग घेऊन उतरणाऱ्या माणसाचा अर्धा जीव याच निर्णयावर टांगलेला असतो.

रात्रभर तो त्या बोटीत होता. सुमारे 40 किलोमीटरचं अंतर कापायला त्याला साधारण 13 तास लागले. हिशोब केला तर तासाला जेमतेम तीन किलोमीटर. आपण बाजारात भाजी आणायला जातो तेव्हा यापेक्षा जास्त वेगानं चालतो. पण सकाळी बोट डोव्हरला लागली आणि वल्ही किंवा इंजिन न वापरता, पतंगाच्या ओढीवर खाडी पार केलेला माणूस म्हणून कोडीचं नाव वर्तमानपत्रांत झळकलं.

यानंतर साहेबांची दारं किलकिली झाली. नौदलानं त्याच्या पतंगांच्या चाचण्या घेतल्या. 1905 मध्ये आल्डरशॉट इथं मोर्टन नावाच्या एका सॅपरला, म्हणजे इंजिनिअर तुकडीतल्या शिपायाला, कोडीच्या पतंगांनी 2,600 फूट उंच नेलं. 2,600 फूट म्हणजे जवळपास 800 मीटर. खाली 4,000 फूट तार सोडलेली होती. 1906 मध्ये लष्करानं त्याला फार्नबरोच्या बलून स्कूलमध्ये पतंगांचा मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमलं. ज्याला धड लिहिता येत नव्हतं, तो आता ब्रिटिश सैनिकांना उडायला शिकवत होता.

पण कोडी पतंगावर थांबला नाही. त्यानं पतंगाचा दोर काढून त्याचं ग्लायडर केलं, मग त्याला इंजिन लावलं. 1907 मध्ये कर्नल कॅपर यांच्यासोबत त्यानं ‘नुली सेकुंडस’ हे लष्करी हवाईजहाज फार्नबरोहून लंडनवर नेलं. सेंट पॉल चर्चला घिरट्या घालून झाल्या आणि परतताना वारा समोरून आल्यामुळे क्रिस्टल पॅलेसला उतरावं लागलं. तरी लंडनकरांनी रस्त्यावर येऊन मान वर करून ते बघितलं.

आणि 16 ऑक्टोबर 1908 ला फार्नबरोमध्ये त्यानं स्वतः बनवलेलं ‘ब्रिटिश आर्मी एरोप्लेन नंबर 1’ हवेत नेलं. 27 सेकंद. 1,390 फूट अंतर. झाडं चुकवताना वळण घेतलं, पंख जमिनीला लागला आणि विमान कोसळलं. कोडीला मोठी इजा झाली नाही. ब्रिटनमधलं पहिलं अधिकृत विमानोड्डाण ते हे.

सरकारची प्रतिक्रिया काय असेल? पुढच्याच वर्षी लष्करानं विमानावरचा खर्च बंद करून टाकला. हवाईजहाजातच भविष्य आहे, विमानात फारसा अर्थ नाही, असं वरच्या मंडळींना वाटत होतं. कोडीचा करार संपला. विमान मात्र त्यालाच ठेवू दिलं. तोही काही कमी नव्हता, स्वतःच्या हिमतीवर उडवत राहिला. ऑगस्ट 1909 मध्ये त्यानं आधी कर्नल कॅपरना आणि नंतर लेलाला सोबत बसवून उड्डाण केलं. सप्टेंबरमध्ये तासाभराहून जास्त वेळ हवेत राहिला. ऑक्टोबरमध्ये डोंकास्टरच्या विमान मेळाव्यात सगळ्या गर्दीसमोर सही करून ब्रिटिश नागरिक झाला. इथंही त्यानं प्रेक्षक सोडले नाहीत.

1911 च्या ब्रिटनभोवतीच्या शर्यतीत तो चौथा आला. सुमारे 1,600 किलोमीटरची ती शर्यत पूर्ण करणारं ब्रिटिश बनावटीचं विमान त्याचं एकट्याचंच होतं. 1912 मध्ये लष्कराच्या विमान स्पर्धेची वेळ आली तेव्हा त्याची दोन्ही विमानं मोडलेली होती. त्यातलं एक उतरताना गाईला धडकून मोडलं होतं. गाय गेली, गाईचा मालक कोर्टात गेला. कोडीनं मोडक्या विमानांचे तुकडे जोडून नवीन विमान बांधलं आणि मोठमोठ्या कंपन्यांना हरवून 5,000 पौंडांचं बक्षीस घेऊन गेला. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी खर्च बंद केला होता, त्यांच्याकडूनच.

इथपर्यंत गोष्ट सिनेमासारखी आहे. पण कोडी पतंगाच्या बाबतीत जेवढा सावध होता तेवढा विमानाच्या बाबतीत राहिला नाही. पतंगांच्या माळेत एखादा फाटला तरी बाकीच्यांचा आधार होता. विमान तो अंदाजानं, अनुभवानं, हाताच्या मापानं बांधायचा. काय टिकेल आणि काय नाही हे त्याला उडवूनच कळायचं, आणि इतकी वर्षं तो पडूनही वाचत आला होता.

एप्रिल 1913 मध्ये लष्करानं घेतलेलं कोडीचं एक विमान फार्नबरोला हवेतच तुटलं आणि ते उडवणारा अधिकारी मेला. म्हणजे इशारा मिळाला होता.

त्या वर्षी कोडी पुन्हा समुद्राकडे वळला होता. ब्रिटनच्या किनाऱ्याभोवती पाण्यावर उतरू शकणाऱ्या विमानांची शर्यत जाहीर झाली होती आणि तिच्यासाठी तो एक मोठं विमान बांधत होता. 7 ऑगस्ट 1913 च्या सकाळी ते जमिनीवरून उडवून बघताना त्यानं सोबत विल्यम इव्हान्स याला घेतलं. इव्हान्स हा हॅम्पशायरकडून खेळलेला क्रिकेटपटू. सुमारे 500 फुटांवर विमान हवेतच मोडलं. दोघांनीही स्वतःला जागेवर पट्ट्यानं बांधलेलं नव्हतं. दोघेही बाहेर फेकले गेले आणि जागीच गेले. कोडी 46 वर्षांचा होता.

रॉयल एरो क्लबनं अपघाताची चौकशी केली. विमानाची बांधणीच मुळात कमकुवत होती, असा निष्कर्ष निघाला. आणि सोबत आणखी एक गोष्ट नोंदवली गेली, की पट्टे बांधलेले असते तर दोघं वाचलेही असते.

त्या काळात बरेच वैमानिक पट्टा टाळायचे. अपघात झाला तर विमानाखाली अडकून पडण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं, असा समज होता. अगदीच वेडगळ म्हणता येणार नाही, कारण झाडाच्या उंचीवरून हळू विमानं पडायची तेव्हा काही जण असे वाचलेही. 500 फुटांवर ते गणित चालत नाही. बांधलेलं राहायचं की सुटायचं, हा प्रश्न काईटबोर्डिंगलाही चुकला नाही. म्हणून तर पट्टा आणि सोडकळ दोन्ही एकाच जागी बसवलेले असतात.

कोडी सैनिक नव्हता. लोक त्याला कर्नल म्हणायचे, पण ते लाडाचं नाव होतं. तरीही त्याला आल्डरशॉटच्या लष्करी दफनभूमीत पूर्ण लष्करी इतमामात पुरलं. अंत्ययात्रेला लाखभर लोक आले असा अंदाज सांगितला जातो. त्याचा आणि लेलाचा मुलगा लेस्ली पुढं रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक झाला आणि 1917 मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला.

त्याचे माणूस उचलणारे पतंग विमानं आल्यावर मागं पडले. समुद्रावर पतंगानं ओढलं जाण्याची कल्पना मात्र मेली नाही. फ्रान्सच्याच ब्रिटनी किनाऱ्यावर लेगेन्यू या दोन भावांनी हवा भरून फुगवता येणारा पतंग बनवला आणि 1984 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हा पतंग पाण्यात पडला तरी तरंगतो आणि तिथूनच परत उडवता येतो. कॅलेच्या त्या रात्री कोडीकडे जे नव्हतं, ते हेच. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये काईटबोर्डिंगची शर्यत पहिल्यांदाच आली आणि ती मार्सेयच्या समुद्रात झाली.

फार्नबरोमध्ये एक झाड होतं. आपल्या विमानाचा पंखा किती जोर लावतो हे मोजायला कोडी विमान त्या झाडाला बांधायचा आणि इंजिन सुरू करायचा. झाड वठलं, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याची हुबेहूब ॲल्युमिनियमची प्रतिकृती ओतून घेतली. 1912 च्या स्पर्धेत जिंकलेल्या बनावटीचं त्याचं एक विमान लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आजही टांगलेलं आहे.